कमाईवर की खरेदीवर? : अमेरिकेतील राष्ट्रीय विक्रीकराच्या वादाचा आढावा

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १९९९ पासून एक विधेयक पुन्हा पुन्हा मांडले जात आहे. केंद्राचा प्राप्तिकर, कंपनीकर, वारसाकर, भेटकर आणि पगारातून कापला जाणारा सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा कर हे सगळे एकदम रद्द करावेत आणि त्यांच्या जागी देशभर एकच किरकोळ विक्रीकर आणावा, असा त्याचा आशय आहे. प्राप्तिकर गोळा करणारी आयआरएस ही यंत्रणाही बंद करायची. पुरस्कर्त्यांनी या योजनेला ‘फेअरटॅक्स’ असे नाव दिले. गेल्या पाव शतकात हे विधेयक एकदाही सभागृहात मतदानाला आले नाही आणि मांडणाऱ्यांनी ते सोडूनही दिले नाही.

जानेवारी २०२३ मध्ये केविन मॅकार्थी पंधराव्या फेरीत सभापती झाले, तेव्हा पक्षातील कडव्या गटाशी झालेल्या तडजोडीत या विधेयकावर मतदान घेण्याचे आश्वासनही होते, अशा बातम्या आल्या. अध्यक्ष बायडन यांनी लगेच त्याविरुद्ध मोहीम उघडली. खुद्द मॅकार्थी यांनीही आपला त्याला पाठिंबा नसल्याचे सांगितले. मतदान झाले नाहीच, पण जुना वाद नव्याने पेटला. तो नेमका कशाचा आहे, कोण काय म्हणते आणि कोणत्या गाठी अजून सुटलेल्या नाहीत, हे क्रमाने पाहू.

प्राप्तिकर आला कसा

अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली तेव्हा केंद्राचा खर्च मुख्यतः आयातशुल्कावर चालेल असे गृहीत होते. प्रत्यक्ष कर बसवायचाच तर तो राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून बसवावा, अशी अट घटनेत होती. यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी १८६२ पासून प्राप्तिकर वसूल होऊ लागला आणि १८७२ मध्ये तो संपला. १८९४ मध्ये चार हजार डॉलरपुढच्या उत्पन्नावर २ टक्के कर पुन्हा आला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पोलॉक खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो घटनाबाह्य ठरवला. अखेर फेब्रुवारी १९१३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि केंद्राला उत्पन्नावर कर बसवण्याचा निर्विवाद अधिकार मिळाला.

या इतिहासातला एक धागा आजच्या चर्चेत बहुधा सुटतो. प्राप्तिकराची मागणी दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी लावून धरली होती. आयातशुल्कामुळे अवजारे, कापड, साखर सगळेच महाग पडे. कराचा बोजा खरेदी करणाऱ्या सामान्य माणसावर पडे आणि ईशान्येकडच्या धनाढ्यांच्या उत्पन्नाला धक्काही लागत नसे. म्हणजे खरेदीवरचा कर हलका करण्यासाठीच कमाईवरचा कर आला. आज मागणी उलट दिशेने होते आहे, पण दोन्ही वेळा वापरला गेलेला शब्द ‘न्याय’ हाच आहे.

१९१३ चा प्राप्तिकर मूठभरांपुरता होता. अविवाहितांना तीन हजार आणि विवाहितांना चार हजार डॉलरपर्यंत सूट, मूळ दर १ टक्का आणि पाच लाख डॉलरपुढे अधिभारासह ७ टक्के. पहिला १०४० क्रमांकाचा अर्ज सूचनांसह चार पानांत मावला होता. दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. १९३९ मध्ये करदाते सुमारे चाळीस लाख होते, ते १९४५ पर्यंत चार कोटींच्या वर गेले. १९४४ मध्ये सर्वोच्च दर ९४ टक्क्यांवर पोहोचला. इतक्या लोकांकडून कर वसूल करायचा म्हणून १९४३ मध्ये पगारातूनच करकपात सुरू झाली. ती योजना आखणाऱ्यांत तरुण मिल्टन फ्रीडमन होते. सरकारचा आकार वाढवणारे साधन आपण घडवले, याची खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली.

राष्ट्रीय विक्रीकराचा प्रयत्न त्याआधीच एकदा फसला होता. महामंदीत तिजोरी रिकामी झाल्यावर १९३२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीने उत्पादकांच्या विक्रीवर सव्वादोन टक्के कर सुचवला. न्यूयॉर्कचे फिओरेल्लो ला ग्वार्डिया आणि उत्तर कॅरोलायनाचे रॉबर्ट डॉटन यांनी बंड करून तो पाडला. त्याच दशकात राज्यांनी मात्र विक्रीकर उचलला. आज ४५ राज्यांत तो आहे. केंद्र उत्पन्नावर आणि राज्ये विक्रीवर, अशी ढोबळ वाटणी तेव्हापासून रुजली. राष्ट्रीय विक्रीकर आला तर ती मोडते, म्हणून राज्यपालांनाही हा विषय नकोसा वाटतो.

खर्चावर कर : विचाराची परंपरा

माणसाने समाजाच्या साठ्यात किती टाकले यावर कर घेण्यापेक्षा त्यातून किती उचलले यावर घ्यावा, हा विचार सतराव्या शतकात हॉब्जने मांडला. विसाव्या शतकात अर्व्हिंग फिशर आणि निकोलस काल्डोर यांनी त्याला अर्थशास्त्राची बैठक दिली. युक्तिवाद सरळ आहे. प्राप्तिकरात माणूस कमावतो तेव्हा कर भरतो, उरलेले साठवतो आणि त्या बचतीवरच्या व्याजावर पुन्हा कर भरतो. त्यामुळे आज खर्च करणाऱ्यापेक्षा उद्यासाठी राखून ठेवणाऱ्यावर भार जास्त पडतो. कर फक्त खर्चावर असेल तर हा भेद उरत नाही.

भारतीय वाचकाला हा विचार परका नाही. काल्डोर १९५६ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून आले आणि त्यांच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये खर्चकराचा कायदा झाला. अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी. कर अगदी थोड्या श्रीमंतांना लागू होता, सवलती भरमसाट होत्या आणि उत्पन्न तुटपुंजे. १९६२ मध्ये तो रद्द झाला, १९६४ मध्ये परत आला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला.

काल्डोर यांचा खर्चकर आणि अमेरिकेतला प्रस्तावित विक्रीकर यांत मोठा फरक आहे. काल्डोर यांच्या योजनेत माणूस वर्षाचे विवरणपत्र भरतो आणि उत्पन्नातून बचत वजा करून उरलेल्या खर्चावर चढत्या दराने कर देतो. दुकानाच्या गल्ल्यावर समोरचा माणूस लखपती आहे की हमाल, हे कळत नाही. तिथे सगळ्यांना एकच दर. मग गरिबाला दिलासा द्यायचा कसा? फेअरटॅक्सने याला दिलेले उत्तर हा त्या योजनेतला सर्वांत कल्पक भाग आहे.

विधेयकात नेमके काय आहे

ह्यूस्टनच्या काही उद्योजकांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात संघटना उभारली आणि अर्थतज्ज्ञांकडून अभ्यास करून घेऊन ही योजना तयार केली. जॉर्जियाचे रिपब्लिकन प्रतिनिधी जॉन लिंडर यांनी ती १९९९ मध्ये पहिल्यांदा मांडली. २००५ मध्ये लिंडर आणि अटलांटाचे रेडिओ निवेदक नील बूर्ट्झ यांचे या विषयावरचे पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिले आले. कराच्या पुस्तकाला असा मान विरळाच मिळतो. २००८ च्या निवडणुकीत माइक हकाबी यांनी हा मुद्दा प्रचाराच्या मध्यभागी आणला. लिंडर यांच्यानंतर रॉब वुडऑल आणि आता बडी कार्टर, दोघेही जॉर्जियाचेच, यांनी विधेयक पुढे चालवले.

कर लागतो तो नव्या वस्तू आणि सेवांच्या अंतिम विक्रीवर. जुनी मोटार, जुने घर यांवर नाही. नव्या घरावर मात्र आहे. डॉक्टरची फी, घरभाडे, विम्याची सेवा, सगळे कराच्या कक्षेत. शिक्षणाचे शुल्क गुंतवणूक मानून वगळलेले. एका व्यवसायाने दुसऱ्याकडून केलेल्या खरेदीला आणि निर्यातीला कर नाही. वसुली राज्यांनी करायची आणि त्याबद्दल वसुलीच्या पाव टक्का रक्कम ठेवून घ्यायची. तेवढीच रक्कम दुकानदाराला.

आणि दर महिन्याला प्रत्येक कुटुंबाला सरकारकडून आगाऊ परतावा. दारिद्र्यरेषेइतक्या खर्चावर जितका विक्रीकर बसेल तितकी रक्कम आधीच हातात द्यायची. २०२४ च्या सरकारी निकषाने एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा वर्षाला १५,०६० डॉलर होती. तिचे २३ टक्के म्हणजे ३,४६४ डॉलर, महिन्याला साधारण २८९. नवरा-बायको आणि दोन मुले असतील तर महिन्याला सुमारे ७८३ डॉलर. उत्पन्नाचा दाखला नको, अर्जांचे भेंडोळे नको. श्रीमंतालाही तेवढेच आणि गरिबालाही तेवढेच. गरिबांसाठी धान्य, औषधे करमुक्त करत बसण्यापेक्षा सर्वांवर कर लावून पैसे परत देणे स्वच्छ आहे, असे मला वाटते. धान्य करमुक्त केले की सर्वांत मोठी सूट सर्वांत महागडा किराणा घेणाऱ्याला मिळते.

२३ की ३० : दराचा वाद

विधेयकात दर २३ टक्के लिहिला आहे. विरोधक म्हणतात तो ३० आहे. दोघांचेही गणित बरोबर आहे. शर्टाची किंमत ७७ डॉलर, वर कर २३ डॉलर, गिऱ्हाइकाने दिले १००. दिलेल्या रकमेशी तुलना केली तर कर २३ टक्के होतो आणि ७७ शी केली तर ३० टक्के. पुरस्कर्ते म्हणतात, प्राप्तिकराचा दर आपण एकूण कमाईवर मोजतो, तेव्हा तुलना सारखी व्हावी म्हणून २३ म्हणणेच योग्य. टीकाकारांचे म्हणणे असे की अमेरिकी माणूस विक्रीकर नेहमी मूळ किमतीवर मोजतो, त्यामुळे २३ हा आकडा त्याची दिशाभूल करतो. मांडणीच्या या वादात बरीच शक्ती खर्च झाली आहे. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे : आजच्याइतका महसूल यायला हा दर पुरेल का?

महसुलाचा आकार मोठा आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्राला सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर मिळाले. त्यांतले जवळपास निम्मे वैयक्तिक प्राप्तिकरातून आणि सुमारे १.७ लाख कोटी सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरच्या कपातीतून. बोस्टन विद्यापीठाचे लॉरेन्स कोटलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला, तो करासह किमतीच्या २३.८२ टक्के, म्हणजे विधेयकाच्या अगदी जवळ. ब्रुकिंग्ज संस्थेचे विल्यम गेल यांनी त्याच सुमारास केलेला हिशेब ३१ टक्के निघाला; मूळ किमतीवर मोजला तर तो ४४ टक्के होतो. अध्यक्ष बुश यांनी नेमलेल्या करसुधार मंडळाने २००५ मध्ये केवळ प्राप्तिकराची जागा घ्यायची असे धरले आणि पगारातली कपात तशीच ठेवली. तरीही मूळ किमतीवर किमान ३४ टक्के लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता.

एकाच प्रश्नाची इतकी वेगळी उत्तरे येण्याचे एक मोठे कारण सरकारच्या स्वतःच्या खर्चात आहे. या योजनेत सरकारची खरेदी आणि सरकारी नोकरांचे पगार यांवरही विक्रीकर लागतो. सैन्याने रणगाडा घेतला की सरकार सरकारलाच कर देते. म्हणजे महसूल वाढलेला दिसतो, पण तेवढाच खर्चही वाढतो. तो वाढलेला धरायचा की सरकारने तेवढी काटकसर करावी असे मानायचे? पहिले मानले तर दर चढतो आणि दुसरे मानले तर सार्वजनिक सेवांना कात्री लागते. करचुकवेगिरी किती धरायची, हा दुसरा फाटा. तिसरा म्हणजे संसद घरभाडे, औषधे, धान्य यांवरचा कर खरोखर टिकू देईल का. आज बहुतेक राज्ये किराण्याला विक्रीकरातून पूर्णपणे किंवा अंशतः वगळतात आणि अनेक सेवांना हातही लावत नाहीत. पाया तितका अरुंद झाला तर कोणाचाच हिशेब टिकत नाही.

कोण किती भरणार

वर्षाला ५० हजार डॉलर कमावणारा माणूस ते सगळे खर्च करतो असे धरू. त्याचा कर साडेअकरा हजार होतो. आगाऊ परतावा वजा केला की सुमारे ८ हजार, म्हणजे कमाईच्या १६ टक्के. दहा लाख डॉलर कमावणारा चार लाख खर्च करतो आणि सहा लाख गुंतवतो. त्याचा कर ९२ हजार, म्हणजे ९ टक्क्यांच्या आसपास. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच आहे. आज केंद्राच्या वैयक्तिक प्राप्तिकरातला सुमारे ४० टक्के वाटा वरच्या एक टक्का करदात्यांकडून येतो. तो भार कुठे तरी सरकणारच. बुश मंडळाच्या हिशेबात तो मधल्या कुटुंबांवर सरकला. सर्वांत गरिबांना आगाऊ परताव्याने सांभाळले.

पुरस्कर्त्यांची उत्तरे हलक्याने घेण्यासारखी नाहीत. पहिले उत्तर : एका वर्षाचे उत्पन्न पाहू नका, आयुष्य पाहा. साठवलेले पैसे आज ना उद्या मालक किंवा त्याचे वारस खर्च करतील, तेव्हा कर लागेलच. दुसरे : आजचा अब्जाधीश शेअर विकतच नाही. ते तारण ठेवून कर्ज काढतो आणि त्यावर ऐषआरामात राहतो. प्राप्तिकराला तिथे काही सापडत नाही, विक्रीकर मात्र त्याच्या नौकेवर लागतो. तिसरे मला सर्वांत वजनदार वाटते. पगारातून होणारी १५.३ टक्के कपात, निम्मी मालकाच्या नावे आणि निम्मी कामगाराच्या, पहिल्या डॉलरपासून लागते. सोशल सिक्युरिटीचा भाग मात्र २०२४ मध्ये १,६८,६०० डॉलरच्या पगारापुढे थांबत होता. हॉटेलात भांडी घासणाऱ्याला प्राप्तिकर जवळपास नसतो, पण ही कपात चुकत नाही. ती गेली तर त्याच्या हातात खरोखर जास्त पडेल.

त्यावर प्रत्युत्तर असे की कमी पगाराच्या कुटुंबांना आज प्राप्तिकरातूनच मिळणारे अनुदानवजा परतावेही त्याबरोबर जातील. ते धरून हिशेब केला की गरिबांचा लाभ बराच आक्रसतो. कोणत्या कुटुंबाचे नक्की काय होईल हे मुले किती, घर भाड्याचे की स्वतःचे, वय काय, यांवर ठरते. सरासरीचे आकडे इथे फार काही सांगत नाहीत.

सगळा कर एकाच गल्ल्यावर

करव्यवस्थापनाच्या अभ्यासकांचा आक्षेप वसुलीच्या रचनेवर आहे आणि भारतीय वाचकाला तो चटकन समजेल. इचलकरंजीचा यंत्रमागधारक सूत घेतो तेव्हा त्यावर जीएसटी भरतो. कापड विकताना कर घेतो आणि आधी भरलेला वजा करून उरलेला सरकारजमा करतो. पुढे प्रोसेसवाला, शिवणारा, घाऊक व्यापारी, दुकानदार, प्रत्येक जण तेच करतो. प्रत्येकाला आपल्या पुरवठादाराचे बिल हवेच असते, कारण त्याशिवाय वजावट मिळत नाही. शेवटच्या दुकानदाराने बिल फाडले नाही तरी त्याच्या टप्प्यापर्यंतचा कर आधीच तिजोरीत आलेला असतो. किरकोळ विक्रीकरात सूतवाल्यापासून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत कोणीच काही भरत नाही. सगळा कर शेवटच्या गल्ल्यावर. तिथे बिल फाटले नाही की ३० टक्क्यांतले ३० टक्के गेले.

मूल्यवर्धित कराची ही साखळी फ्रान्सच्या मोरीस लोरे यांनी १९५४ मध्ये प्रत्यक्षात आणली. आज १७० हून अधिक देशांत ती कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. स्वीडनने १९६९ मध्ये आणि नॉर्वेने १९७० मध्ये किरकोळ विक्रीकर सोडून ती स्वीकारली. आज दोघांकडे सर्वसाधारण दर २५ टक्के आहे आणि त्याबरोबर चांगला घसघशीत प्राप्तिकरही आहे. ३० टक्क्यांचा निव्वळ किरकोळ विक्रीकर कोणत्याही मोठ्या देशात चाललेला नाही. पुरस्कर्ते म्हणतात, विक्री करणारे दुकानदार कोट्यवधी विवरणपत्रांपेक्षा कितीतरी कमी, त्यांतही बहुतांश विक्री मोठ्या साखळी दुकानांतून होते. तेव्हा लक्ष ठेवणे सोपे. यात तथ्य आहे. पण मोठी दुकाने गळतीची जागा कधीच नव्हती. आयआरएसच्याच अभ्यासानुसार पगारासारख्या कपात होणाऱ्या उत्पन्नात चोरी एक टक्क्याच्या आसपास असते आणि ज्या उत्पन्नाची माहिती तिसऱ्या कोणाकडून येत नाही त्यात निम्म्याहून अधिक. नळदुरुस्ती करणारा, केस कापणारा, घर रंगवणारा हे आज उत्पन्न लपवत असतील तर उद्या विक्रीही लपवतील. शिवाय धंद्याच्या नावावर घेतलेला लॅपटॉप घरी मुलांच्या अभ्यासाला वापरला तर तो पकडणार कोण?

जुन्या बचतीचे काय

माझ्या मते या वादातली सर्वांत अवघड गाठ हीच आहे, आणि जाहीर चर्चेत तिच्यावर सर्वांत कमी बोलले जाते. न्यू जर्सीत तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले एखादे मराठी जोडपे घ्या. आयुष्यभर प्राप्तिकर भरून उरलेल्या पैशांतून त्यांनी बचत केली. कर भरून झाला, आता खर्च करायचा, अशा वेळी विक्रीकर आला तर त्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर. शेजारच्या घरातल्या जोडप्याने बचत ४०१-के खात्यात केली, जिथे पैसे भरताना कर लागत नाही, काढताना लागतो. काढायची वेळ येईतो प्राप्तिकरच रद्द झाला. ते पुण्याला परतले आणि तिथेच खर्च करू लागले, तर त्या पैशांवर अमेरिकेला ना प्राप्तिकर मिळाला ना विक्रीकर. एकाच गल्लीतल्या दोन घरांना इतका वेगळा न्याय मिळणार, याचा नीट विचार विधेयकात दिसत नाही.

कोटलिकॉफ यांचे यावरचे उत्तर ठाम आहे. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन महागाईशी जोडलेले असल्याने गरीब वृद्ध सुरक्षित राहतात. भार पडतो तो श्रीमंत वृद्धांच्या संपत्तीवर, आणि तरुण पिढीवर कर्जाचे ओझे ठेवून गेलेल्या पिढीने तो उचलणे रास्तच आहे. विरोधकांना यात मध्यमवर्गीय वृद्धांवरचा अन्याय दिसतो. अर्थव्यवस्थेच्या वाढीचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. उपभोगकरामुळे दीर्घकाळात उत्पादन वाढते, हे बहुतेक प्रतिमाने दाखवतात. कोटलिकॉफ सहलेखक असलेल्या २००१ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात सरसकट एका दराच्या उपभोगकराने ती वाढ ९ टक्क्यांच्या घरात आली. पण त्या वाढीचा मोठा हिस्सा जुन्या संपत्तीवर बसणाऱ्या एकरकमी करातून येतो. गरिबांना सूट आणि जुन्या बचतीला संरक्षण दिले की वाढ झपाट्याने खाली येते.

अंमलबजावणीच्या तारखेचाही प्रश्न आहे. जपानने उपभोगकर १९९७, २०१४ आणि २०१९ मध्ये दोन-तीन टक्क्यांनीच वाढवला, तरी आधी खरेदीची झुंबड आणि नंतर बाजार थंड असे घडले. इथे उडी शून्यावरून तीसवर आहे. त्यात राज्यांचे विक्रीकर वेगळे.

राज्यांचा अनुभव आणि मधले मार्ग

टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी अशी नऊ राज्ये पगारावर प्राप्तिकर घेत नाहीत, त्यामुळे पुरस्कर्ते त्यांचे उदाहरण देतात. पण कुठे तेल आहे, कुठे पर्यटक, आणि टेक्सासात मालमत्ताकर जबर. असलेला प्राप्तिकर सोडून देणे वेगळे. अलास्काने तो १९८० मध्ये तेलाच्या जोरावर सोडला. लुइझियानाचे राज्यपाल बॉबी जिंदल यांनी २०१३ मध्ये प्राप्तिकर रद्द करून विक्रीकर वाढवण्याची योजना आणली आणि उद्योगांपासून चर्चपर्यंत सगळ्यांचा विरोध पाहून काही आठवड्यांत मागे घेतली. कॅन्ससने २०१२ मध्ये प्राप्तिकर जोरात घटवला. तूट वाढली, २०१५ मध्ये विक्रीकर साडेसहा टक्क्यांवर न्यावा लागला आणि २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळानेच राज्यपालांचा नकाराधिकार फेटाळून कपात मागे घेतली. मिसिसिपीने २०२५ मध्ये प्राप्तिकर टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला. महसूल ठरावीक प्रमाणात वाढला तरच पुढची कपात, अशी त्यात अट होती. विधेयकात दशांशचिन्हे चुकल्याने ती अट फारच सैल झाली आणि कायदा तसाच मंजूर झाला.

सगळेच सुधारक दोन टोकांना उभे नाहीत. कायद्याचे प्राध्यापक मायकेल ग्रेट्झ यांनी मूल्यवर्धित कर आणून एक लाख डॉलरपर्यंतच्या कुटुंबांना प्राप्तिकरातून पूर्ण मोकळे करावे, असे सुचवले. श्रीमंतांवरचा प्राप्तिकर राहतो आणि कोट्यवधी विवरणपत्रे वाचतात. अर्थतज्ज्ञांत या मार्गाला बरीच मान्यता आहे, राजकारणात मात्र वाली नाही. डावे म्हणतात हा गरिबांवरचा कर, उजवे म्हणतात सरकारच्या हातातले आणखी एक यंत्र. डोनाल्ड ट्रम्प यांनी अलीकडे आयातशुल्कातून प्राप्तिकराची जागा भरण्याची भाषा केली. २०२४ च्या वर्षात सीमाशुल्कातून सुमारे ७७ अब्ज डॉलर आले आणि वैयक्तिक प्राप्तिकरातून सुमारे २.४ लाख कोटी, हे अंतर लक्षात घेतले पाहिजे.

महाराष्ट्रात ही चर्चा वेगळ्या रूपात झाली. अनिल बोकील आणि पुण्याच्या अर्थक्रांती प्रतिष्ठानने सीमाशुल्क वगळता सर्व कर रद्द करून बँकेच्या व्यवहारांवर एकच कर बसवावा, अशी मांडणी गावोगावी नेली. फेअरटॅक्सशी तिचे साम्य उद्दिष्टात आहे, रचनेत नाही. विक्रीकर फक्त अंतिम खरेदीवर लागतो. व्यवहारकर प्रत्येक हस्तांतरणावर, त्यामुळे सूत ते शर्ट या वाटेवर तो साचत जातो. ब्राझीलने १९९७ ते २००७ असा बँक व्यवहारांवरचा कर घेतला. त्याचा दर ०.३८ टक्क्यांपर्यंत गेला आणि महसूलही चांगला आला, पण तो बाकी करांच्या जोडीला होता. त्यांची जागा घेण्याइतका दर कोणी लावून पाहिलेला नाही.

अजून सुटलेले नाही

विक्रीकर आला तर किमती ३० टक्के चढतील की पगार खाली येतील, हे मध्यवर्ती बँक काय करते यावर अवलंबून राहील. किमती चढल्या तर रोखेधारक आणि ठेवीदार बुडतात, पगार घटले तर गृहकर्जाचे हप्ते भरणारे. पुरस्कर्त्यांनी सुरुवातीला पूर्ण पगारही हातात मिळेल आणि छुपे कर निघून गेल्याने किमतीही उतरतील, असे दोन्ही सांगितले. ते दोन्ही एकाच वेळी शक्य नाही, हे आता त्यांच्यातल्या अनेकांनाही मान्य आहे. आयआरएस बंद झाली तरी निवृत्तिवेतन पगारावरून ठरत असल्याने मालकांना पगाराची नोंद सरकारला द्यावीच लागेल. राज्यांचे प्राप्तिकर केंद्राच्या विवरणपत्रावर बेतलेले आहेत. ते विवरणपत्रच नाहीसे झाले तर राज्यांनी आपली यंत्रणा उभारायची की तीही विक्रीकराकडे वळायची, याचे उत्तर बहुतेक राज्यांनी शोधलेले नाही.

आणि सोळावी घटनादुरुस्ती. ती कायम राहिली तर उद्याची संसद विक्रीकराच्या जोडीला प्राप्तिकर परत आणू शकते, ही भीती दोन्ही बाजूंना आहे. म्हणून विधेयकात अट आहे की सात वर्षांत ती दुरुस्ती रद्द झाली नाही तर विक्रीकरच संपुष्टात येईल. दुरुस्ती रद्द करायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ३८ राज्यांची संमती लागते. ती न मिळाल्यास सातव्या वर्षाअखेरी केंद्राकडे विक्रीकर नसेल आणि प्राप्तिकराची यंत्रणा मोडून बराच काळ लोटलेला असेल. त्या दिवसाची तरतूद विधेयकाच्या कोणत्याही कलमात नाही.